थेंब गळत नाही, तरी ऑक्सिजन शिरतो

सध्या एक मेसेज फिरतोय: 'सीलबंद प्लास्टिकच्या बाटलीत हवा शिरत नाही. उलटी करून दाबा, थेंब आला नाही तर हवाबंद. सोड्यात तर आतूनच दाब असतो. मीटर लावला तरी रसात ऑक्सिजन शून्य दिसतो. मग न उघडलेला संत्र्याचा रस तपकिरी पडला, तर भेसळच!' अशा मेसेजमुळे प्रामाणिक उत्पादकावर नाहक आळ येतो, म्हणून हे लिहितोय.

थेंबाचं आधी. रस गळायला भोक लागतं, ऑक्सिजनला लागत नाही. तो पेट (PET, पाण्या-सोड्याच्या बाटल्यांचं नेहमीचं) प्लास्टिकमध्ये विरघळतो आणि रेणूंमधल्या फटींतून सरकत आत निघतो. उन्हाळ्यात तापलेल्या गोदामात हा वेग आणखी वाढतो. काचेतून असं होत नाही. तिथे सांभाळायचं ते झाकण.

सोड्याचा मुद्दा पटकन पटतो, पण प्रत्येक वायू फक्त स्वतःच्या दाबातला फरक ओळखतो. बाहेर हवेत ऑक्सिजन 21 टक्के, आत जवळजवळ नाहीच. कार्बन डायऑक्साइड कितीही ठासून भरा, ऑक्सिजन आत येणारच. त्याच भिंतीतून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणून जुनी सीलबंद बाटलीही मिळमिळीत लागते.

खरी गफलत मीटरच्या शून्यात आहे. रस ऑक्सिजन खातो. 1 मिलिग्रॅम ऑक्सिजन साधारण 11 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व संपवू शकतो. म्हणजे आत आलेला ऑक्सिजन लगेच खर्च होतो आणि मीटरला काहीच उरत नाही. शून्य दिसलं म्हणजे काही आलंच नाही, असं नव्हे. म्हणून बाटलीची परीक्षा पाण्यावर करतात. नायट्रोजनचे बुडबुडे सोडून पाण्यातला ऑक्सिजन काढायचा, बाटली काठोकाठ भरून बंद करायची आणि ठरलेल्या तापमानाला आठवडेच्या आठवडे ठेवायची. आतल्या भिंतीवर आधीच चिकटवलेल्या संवेदी ठिपक्यावर बाहेरून प्रकाश टाकतात. ऑक्सिजन वाढला की ठिपक्याची चमक मंदावते. बाटली उघडावी लागत नाही. 25 अंशांना पाण्यात लिटरमागे सुमारे 8 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. शून्यापासून तिकडे रोज किती सरकलो, तो झाला बाटलीचा आकडा.

प्लास्टिकच्या कोरड्या, पातळ पापुद्र्याच्या (फिल्मच्या) तुकड्यावर काढलेला आकडा इथे पुरत नाही. ऑक्सिजन अडवायला भिंतीत घातलेला इव्हीओएच (EVOH) नावाच्या प्लास्टिकसारखा थर ओलावा शोषला की ढिला पडतो.

राहिली भेसळ. क जीवनसत्त्व मोडताना रस तपकिरी होतोच, उष्णतेने काचेतही होतो. नुसत्या रंगावरून भेसळ ठरत नाही, त्यासाठी प्रयोगशाळेत रसच तपासावा लागतो.