तिजोरीत खडखडाट असतानाही कामं होतात, आणि ती मोजताही येतात

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर अधूनमधून फिरतो. शहराच्या बजेटचे दिवस आले, कौन्सिल डिस्ट्रिक्टची, म्हणजे कौन्सिल मेंबरच्या (नगरसेवकाच्या) वॉर्डाची, वर्षभराची कामगिरी सांगणारी चार पानी पत्रिका टपालपेटीत पडली, की तो हमखास वर येतो. २००८ च्या मंदीनंतरच्या वर्षांकडे बोट दाखवून त्यात म्हटलेलं असतं, "मंदीत कामगिरीचे अहवाल छापणं म्हणजे लोकांच्या डोळ्यांत धूळफेक. तिजोरीत खडखडाट असताना कामं होतच नाहीत. झालीच तर वॉशिंग्टनच्या पैशाने होतात आणि श्रेय हे लाटतात. उरलं काय, तर फुटपाथ आणि दिव्याचे खांब. आणि एकट्या कौन्सिल मेंबरच्या हातात असतंच काय?"

हे पुढे पाठवणारे माझ्या ओळखीचेच आहेत. कर वेळेवर भरणारी, मतदान न चुकवणारी माणसं. त्यांचा वैताग मला समजतो. पण त्या वर्षांत मी तिकडच्याच एका मध्यम आकाराच्या शहरात राहत होते, बजेटच्या सुनावण्यांना जाऊन बसत होते, दोनदा माइकसमोर उभीही राहिले होते. त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही. एकेक वाक्य घेऊन बघू.

"तिजोरीत खडखडाट असताना कामं होतच नाहीत."

या वाक्यात शहराची तिजोरी म्हणजे एकच मोठं पोतं आहे असं धरलंय. तसं नसतं. तिजोरीला कप्पे असतात आणि एका कप्प्यातला पैसा दुसऱ्यात टाकता येत नाही. पोलीस, अग्निशमन, ग्रंथालयं, बागा यांचे पगार आणि रोजचा खर्च जनरल फंडातून चालतो. तो मालमत्ता कर आणि विक्री करावर उभा असतो, म्हणून मंदीत पहिला फटका त्यालाच बसतो. पाणी आणि सांडपाण्याचा पैसा लोकांच्या बिलांतून येतो आणि त्याच कामाला लागतो. इमारतींसाठी मतदारांनी मंजूर केलेल्या कर्जरोख्यांचा पैसा इमारतींनाच. कमी उत्पन्नाच्या वस्त्यांसाठी १९७४ पासून केंद्राचं विकास अनुदान आहे, त्याचेही नियम वेगळे. म्हणून एकाच वर्षी, एकाच डिस्ट्रिक्टमध्ये ग्रंथालयाचे तास निम्म्यावर येतात आणि शेजारच्याच गल्लीत नवी मलवाहिनी टाकली जाते. दोन्ही गोष्टी खऱ्या असतात. त्यांत कुणीही कुणाला फसवलेलं नसतं.

हे किती टोकाला जातं ते कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेत दिसलं. तिथल्या मतदारांनी २००० साली शाखा ग्रंथालयांसाठी सुमारे २१ कोटी डॉलरचे रोखे मंजूर केले होते. त्या पैशातून इमारती बांधून झाल्या तेव्हा नेमकी मंदी आली. सेव्हन ट्रीज आणि बॅस्कमसारखी नवी कोरी ग्रंथालयं तयार होती, पण कर्मचाऱ्यांचे पगार द्यायला जनरल फंडात पैसा नव्हता. ती कुलूपबंद राहिली आणि २०१३ साली उघडली. दक्षिण सॅन होजेतल्या नव्या पोलीस ठाण्याचंही तेच झालं, २०१० मध्ये बांधून पूर्ण झालेली ती वास्तू कित्येक वर्षं रिकामी पडून होती. आता त्या वर्षांच्या अहवालात "ग्रंथालयाची इमारत पूर्ण" असं लिहिलं तर ते खोटं आहे का? नाही. अपुरं आहे. तिथे विचारायला हवं ते एवढंच, की कुलूप कधी उघडणार आणि पगाराची तरतूद कुठून होणार. मजकुरातला सूर हा प्रश्न विचारूच देत नाही, कारण तो आधीच ठरवून मोकळा झालाय की सगळं थोतांड आहे.

आणखी एक. मंदी अधिकृत हिशेबाने डिसेंबर २००७ ते जून २००९ अशी होती. शहरांची सर्वांत वाईट वर्षं मात्र त्यानंतर आली. घराची किंमत पडते तेव्हा तिचं करासाठीचं मूल्यांकन लगेच पडत नाही. ते वर्ष-दोन वर्षं मागून येतं. बातम्यांत मंदी संपल्याचं सांगत होते तेव्हा आमच्या कौन्सिलमध्ये कुठली पदं रद्द करायची याची यादी वाचली जात होती. त्यातच बहुतेक शहरांना कायद्याने दर वर्षी जमाखर्च जुळवावाच लागतो. केंद्र सरकारसारखं उसनं घेऊन रोजचे पगार देता येत नाहीत. "२०११ मध्ये तर मंदी नव्हती, मग रडता कशाला?" हा त्या मजकुराखालचा नेहमीचा शेरा, आणि त्याचं उत्तर एवढंच आहे.

"वॉशिंग्टनच्या पैशाने होतात आणि श्रेय हे लाटतात."

पैसा वॉशिंग्टनचा होता हे खरं. फेब्रुवारी २००९ मध्ये ७८७ अब्ज डॉलरचा आर्थिक उभारी कायदा झाला. त्याआधी, २००८ साली, जप्त झालेली ओस घरं विकत घेऊन दुरुस्त करायला ३ अब्ज ९२ कोटी डॉलर मंजूर झाले होते. पण हा पैसा पावसासारखा सगळीकडे सारखा पडला नाही. पोलिसांच्या भरतीच्या १ अब्ज डॉलरचंच बघा. ७ हजारांहून जास्त पोलीस खात्यांनी अर्ज केले, एकूण मागणी ८ अब्जांच्या वर गेली, आणि अनुदान मिळालं जेमतेम हजारभर खात्यांना. शिवाय अट अशी, की तीन वर्षांचा पगार केंद्र देईल, त्यानंतर किमान एक वर्ष तरी शहराने स्वतःच्या पैशाने त्या माणसाला ठेवायचं. ओस घरांच्या निधीलाही मुदत होती, दीड वर्षात तो ठरावीक कामांना नेमून दिला नाही तर हातचा जायचा.

म्हणजे कुणीतरी वेळेत अर्ज भरला, कुठली घरं घ्यायची त्याची यादी केली, चौथ्या वर्षाचा पगार कुठून काढायचा याचा हिशेब मांडला, कौन्सिलमध्ये मतं गोळा केली. ज्यांनी हे केलं त्यांच्या भागात घरांच्या खिडक्यांवरच्या फळ्या निघाल्या. ज्यांनी केलं नाही त्यांच्या भागात त्या तशाच राहिल्या. याला श्रेय लाटणं म्हणत असाल, तर सरकारी अनुदानावर विहीर खोदणाऱ्या शेतकऱ्यालाही तेच म्हणावं लागेल.

"उरलं काय, तर फुटपाथ आणि दिव्याचे खांब."

या वाक्यावर माझा सगळ्यांत जास्त राग आहे.

आमच्या डिस्ट्रिक्टमध्ये वृद्धाश्रमासमोर एक जुनं मोठं झाड होतं. त्याच्या मुळांनी फुटपाथची एक फरशी बोटभर नव्हे, चांगली वीतभर उचलली होती. शेजारी राहणारे एक आजोबा व्हीलचेअरवरून बस थांब्याकडे निघाले की तिथपर्यंत यायचे, थांबायचे, आणि खुर्ची मागे फिरवून रस्त्यावर उतरायचे. भर वाहतुकीत. मी ते खिडकीतून रोज बघायचे. २०१० च्या पत्रिकेत त्या कामाची एक ओळ होती, कामाचं ठिकाण आणि फुटांत लांबी. जवळपास चाळीस फूट फुटपाथ. हीच ती "उरलेली" कामं. त्या आजोबांना वर्षभरात शहराने दुसरं काहीही दिलं नसतं तरी चाललं असतं.

लोकांना स्वतःला विचारलं तर ते काय मागतात, याचा पुरावाही त्याच काळातला आहे. शिकागोच्या ४९ व्या वॉर्डाचे आल्डरमन (तिथले कौन्सिल मेंबर) जो मूर यांनी आपल्या वाट्याचे सुमारे १३ लाख डॉलर कुठे खर्च करायचे हे थेट रहिवाशांवर सोपवलं. ब्राझीलच्या पोर्तो आलेग्रे शहरात १९८९ मध्ये सुरू झालेली ही पद्धत अमेरिकेत पहिल्यांदा वापरली गेली ती इथे, चणचणीच्या ऐन भरात. महिनोन्‌महिने बैठका झाल्या. एप्रिल २०१० मध्ये मतदान झालं. सोळा वर्षांवरच्या कुणाही रहिवाशाला मत होतं, नागरिकत्व असो वा नसो. १,६५२ जण आले. यादीत ३६ कामं होती, त्यातली १४ पैशात बसली. सर्वांत जास्त मतं कशाला मिळाली? फुटपाथच्या दुरुस्तीला. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या चार कौन्सिल मेंबरनी आपापल्या डिस्ट्रिक्टमध्ये हीच वाट धरली.

दिव्यांचं म्हणाल, तर दिवे ही किरकोळ गोष्ट नाही हे कोलोरॅडो स्प्रिंग्जने दाखवून दिलं. नोव्हेंबर २००९ मध्ये तिथल्या मतदारांनी मालमत्ता कर वाढवायला नकार दिला आणि २०१० च्या सुरुवातीला शहराने जवळपास एक तृतीयांश पथदिवे बंद केले. बागांतले कचऱ्याचे डबे उचलले, पोलिसांची हेलिकॉप्टरं विकायला काढली. ज्यांना आपल्या दारासमोरचा दिवा हवा त्यांनी तो पैसे भरून चालू करून घ्यावा, अशी सोय ठेवली. अंधाऱ्या खांबांतली तांब्याची तार चोरांनी काढून नेली, तो भुर्दंड वेगळाच. त्याच सुमाराला लॉस एंजेलिसने १ लाख ४० हजार दिवे बदलून एलईडी बसवायला घेतले. त्यासाठी काढलेलं कर्ज विजेच्या वाचलेल्या बिलातून फेडायचं, असा हिशेब होता. २०१३ पर्यंत ते काम झालं आणि त्या दिव्यांची वीज निम्म्याहून कमी लागू लागली. चणचण दोन्हीकडे होती. एकाने दिवे विझवले, दुसऱ्याने दिवे बदलले. मंदीत काम म्हणजे काय असतं ते मला या दोन शहरांइतकं स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसलं नाही.

"एकट्या कौन्सिल मेंबरच्या हातात असतंच काय?"

फिलाडेल्फियात काय घडलं ते सांगते. नोव्हेंबर २००८ मध्ये महापौर मायकेल नटर यांनी तूट भरून काढायला शहराच्या ५४ पैकी ११ शाखा ग्रंथालयं बंद करण्याची घोषणा केली. तिथल्या जुन्या नियमानुसार शहराच्या मालकीची सार्वजनिक वास्तू कौन्सिलच्या मंजुरीशिवाय बंद करता येत नव्हती. रहिवासी आणि तीन कौन्सिल मेंबर कोर्टात गेले. ३० डिसेंबर २००८ रोजी, कुलपं लागायच्या बेतात असताना, न्यायाधीशांनी बंदीला मनाई केली. अकराही शाखा राहिल्या. पुढे तास कमी झाले, माणसं कमी पडली, पण दारं उघडी राहिली.

अशी गोष्ट अहवालात दिसते कशी? "ग्रंथालय सुरू राहिले." तीन शब्द. फीत कापलेली नसते, फोटो नसतो, आदल्या वर्षी जे होतं तेच या वर्षी आहे. चांगल्या वर्षात या ओळीला काडीची किंमत नाही. वाईट वर्षात तीच मला पहिल्या पानावर हवी.

एका बाबतीत मात्र त्या मजकुराशी मी सहमत आहे, आणि हे लपवणं बरोबर नाही. वाईट काळात काही "यशं" ही घरातली भांडी विकून भागवलेली उधारी असते. शिकागोनेच डिसेंबर २००८ मध्ये आपले पार्किंग मीटर ७५ वर्षांसाठी खासगी कंपनीला दिले, ११५ कोटी डॉलरला. करार जाहीर झाल्यावर दोनच दिवसांत कौन्सिलने तो ४० विरुद्ध ५ मतांनी मंजूर केला. त्या वर्षी कर न वाढवता तूट भरल्याचं समाधान सगळ्यांनी मिळवलं. पुढच्या जूनमध्ये शहराच्याच महानिरीक्षकांनी, म्हणजे कारभार तपासणाऱ्या अधिकाऱ्यांनी, हिशेब मांडला, की मीटरची किंमत मिळालेल्या रकमेपेक्षा ९७ कोटी ४० लाखांनी जास्त होती. आलेला बहुतेक पैसा दोन-तीन वर्षांतच तुटी भरण्यात संपला. मीटर मात्र २०८३ पर्यंत शहराचे नाहीत. असा व्यवहार "करवाढ टाळली" या ओळीखाली छापला गेला, तर त्या ओळीवर तुटून पडायलाच हवं. पण ते करायला अहवाल आधी वाचावा लागतो, कुठला पैसा एकदाच आला आणि कुठला दर वर्षी येणार हे शोधावं लागतं. वाचण्याआधीच कचऱ्यात टाकलेल्या पत्रिकेतून मीटरचा सौदा कुणालाच सापडणार नाही.

मी पहिल्यांदा माइकसमोर उभी राहिले ते आमच्या शाखा ग्रंथालयासाठी. दोन मिनिटं मिळतात. समोर छोटा दिवा असतो, हिरवा, मग पिवळा, मग लाल. पिवळा लागला तेव्हा माझं निम्मंही बोलून झालं नव्हतं. माझ्या आधी एका शाळकरी मुलीने घरी इंटरनेट नसल्याचं सांगितलं होतं, माझ्यानंतर एका निवृत्त अग्निशमन जवानाने आपल्या केंद्रातली गाडी काढू नका म्हणून विनवलं. दोघांचं म्हणणं बरोबर होतं आणि पैसा एकालाही पुरेसा नव्हता. रात्री साडेअकरापर्यंत कौन्सिल बसली होती. आमच्या कौन्सिल मेंबरबाईंनी त्या रात्री एका पर्यटन महोत्सवाचं अनुदान कापून ग्रंथालयाचे दोन दिवस वाचवले. महोत्सववाले नाराज झाले, तेही मतदारच होते.

त्या वर्षीची पत्रिका मी ठेवली आहे. तिसऱ्या पानावर, फुटपाथच्या यादीच्या वर, बारीक अक्षरांत लिहिलंय, "शाखा ग्रंथालय सुरू. मंगळवार ते शुक्रवार, दुपारी १ ते ७." सोमवार आणि शनिवार गेले होते. ती मुलगी मंगळवारी, दार उघडायच्या दहा मिनिटं आधीच पायरीवर येऊन बसायची.