‘कान धरला की घोडी गप्प’ या प्रतिक्रियेला उत्तर

नाल मारताना आणि दाढांची धार कानशीनं घासताना बुजऱ्या घोड्याला शांत कसं ठेवावं, या माझ्या लेखाखाली एका वाचकांनी लिहिलंय: “ताई, घोडा पुस्तकं वाचून कळत नाही. नालबंदाला दहा ठिकाणी जायचं असतं, तो तुमचे लाड पुरवत बसणार का? आमची घोडी दर वेळी मागचा डावा पाय झाडते. कान पिळून धरला की गप्प, पाच मिनिटांत काम. दाढा घासणं वगैरे रेसच्या घोड्यांचे चोचले. आणि भुलीच्या इंजेक्शनचा खर्च कोण देणार!!!”

भाऊ, मतभेद असू द्या, पण समोरच्या बाईनं घोडा फक्त चित्रात बघितलाय हे तुम्ही कशावरून ठरवलंत? आजोबांचा टांगा नाशिकला पंचवटीत होता, वडिलांनी वरातीच्या घोड्या सांभाळल्या, आणि तोबरा बांधायला मी शाळेत जायच्या आधी शिकले. हे सांगावं लागतंय याचंच नवल वाटतं. तुम्ही ‘ताई’ म्हणून सुरुवात केलीत आणि दुसऱ्याच शब्दाला अक्कल काढलीत. तेवढी ताई तरी कशाला म्हणायची?

एक मान्य. नालबंदाच्या वेळेबद्दल मी दोन ओळी जास्त लिहायला हव्या होत्या. एका अडेल घोड्यापायी त्याचं पुढचं गिऱ्हाईक खोळंबतं, हे खरंच आहे. म्हणून तर पाय द्यायची सवय मालकानं लावायची, तो यायच्या आधी. त्याच्यावर ते काम टाकून मग ‘तो लाड पुरवणार का’ असं विचारण्यात काय अर्थ आहे?

आता कानाचं. बाकी कशापेक्षा मला तेच वाक्य खटकलं.

कान पिळला की घोडी उभी राहते, यात वाद नाही. पण तिच्या आत काय चाललंय? निवांत घोड्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला साधारण २८ ते ४४ असतात. कान पिळून हे मोजून पाहिलं गेलंय. पिळल्या क्षणापासून ठोके वाढतात, घोड्याचं अंग ताणाखाली जातं, आणि पुढच्या वेळी तो डोक्याला हात लावू द्यायला कुरकुरतो. वरच्या ओठाला दोरीचा पीळ देतात, त्याचं जरा वेगळं आहे. पहिली पाचेक मिनिटं ठोके खरोखर उतरतात, त्यापुढे तेही उलटतं. म्हणून अगदी नाइलाज असेल तर ओठाचा पीळ, तोही पाच मिनिटांच्या आत सोडायचा आणि सोडल्यावर ओठ हातानं चोळायचा. कानाला हात लावायचा नाही.

याचं कारण नुसती भूतदया नाही, हिशेब आहे. नाल पायाला मारायची, पण किंमत डोक्यापाशी मोजावी लागते. आज कान पिळलात, की उद्या म्होरकी चढवताना मान वर, परवा लगाम घालताना वर. वरातीच्या घोडीला तर तुरा बांधायचा असतो, तोही नेमका कानांच्या मधोमध. आणि दाढांचं सगळं कामच डोक्याचं. पाच मिनिटं वाचवायला तुम्ही घोडीचा तेवढाच भाग नासवून ठेवता, जो पुढे जन्मभर हाताळायचा आहे.

मग करायचं काय, तर धरणारा माणूस कुठे उभा आहे ते आधी बघा. बुजरी घोडी खुंटाला करकचून बांधू नका. ती मागे ताण देते, म्होरकी तुटली की उताणी पडते. अडीच-तीन मीटरची सुती दोरी माणसाच्या हातात हवी, आणि तो माणूस नालबंदाच्याच बाजूला. घोडी फिरायला लागली की त्यानं तिचं डोकं स्वतःकडे घ्यायचं, म्हणजे मागचे पुठ्ठे नालबंदापासून लांब जातात. पलीकडे उभं राहून ओढलं तर तेच पुठ्ठे नालबंदाच्या अंगावर. हे उलटं करणारेच जास्त दिसतात, आणि मग दोष घोडीला. जागा सपाट, कोरडी असावी. घाटावरच्या ओल्या फरशीवर नाल मारलेली घोडी तीन पायांवर उभी राहायला का-कू करणारच.

पाय उचलण्याआधी चारही पाय सारखे टेकलेले हवेत. हात पुठ्ठ्यावर ठेवायचा आणि अंगावरून न उचलता मांडीवरून खाली न्यायचा. पहिल्या दिवशी पाय वीतभर वर, तीन अंक मोजेपर्यंत, आणि ती ओढायच्या आत आपणच खाली ठेवायचा. मग पाच, दहा, तीस. तिनं ओढलाच तर कुस्ती नको आणि सोडूनही देऊ नका. हात सैल ठेवून पायाबरोबर जायचं, पाय क्षणभर ढिला पडला की लगेच टेकवायचा. झटक्यात पाय सुटला, की झटका दिल्यावर सुटका होते हे ती पक्कं लक्षात ठेवते. हे जमलं की तळव्यावर तळहातानं थापायचं, मग कानशीच्या मुठीनं ठकठक. मध्ये मध्ये आयाळ संपते त्या उंचवट्यावर नखांनी खाजवा. घोडे एकमेकांना तिथेच खाजवतात आणि त्यानं ठोके उतरतात. मानेवर फटाफट थापट्या मारायची हौस आपली, तिची नाही.

खूर महिन्याला ६ ते १० मिलिमीटर वाढतं, म्हणजे नालबंद सहा-आठ आठवड्यांनी येणार. रोज पाच-सात मिनिटं द्यायला मधे एवढे दिवस पडलेत. वेळ नाही हे कारण मला पटत नाही.

‘चोचल्यां’बद्दल थोडक्यात. येवल्याच्या बाजारात घोडा घेताना तुम्हीसुद्धा ओठ वर करून वय बघत असाल. बघता ते पुढचे बारा दात. मागच्या चोवीस दाढांकडे कोण बघतं? त्या वर्षाला साधारण २ ते ३ मिलिमीटर वर येत राहतात. वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद, त्यामुळे वरच्या दाढांची गालाकडची आणि खालच्यांची जिभेकडची कड झिजत नाही, तिला पात्यासारखी धार येते. चारा कमी आणि चंदी, म्हणजे दाणा, जास्त असेल तर आणखी लवकर. लिदीत अख्खे हरभरे, गव्हाणीत चघळून टाकलेले कडब्याचे बोळे, लगाम ओढला की मान झटकणं. यातलं काही दिसलं तर रेसकोर्सचा संबंध नाही, तोंड दुखतंय.

घासताना तोंडात लोखंडी चौकट बसवतात. शुद्धीतल्या बुजऱ्या घोडीनं ती लावून मान झटकली तर ते लोखंड कोणाच्याही कपाळात बसेल, म्हणून पशुवैद्य शिरेतून झायलाझिन किंवा डेटोमिडीन हे गुंगीचं औषध देतात. मात्रा वजन बघून तेच ठरवणार. टोचल्यावर पाच मिनिटं घोडीला हात लावायचा नाही, गप्पा मारायच्या नाहीत, नाहीतर औषध नीट चढत नाही. मान खाली लोंबली तरी मागे उभं राहू नका, गुंगीतली घोडी नेम धरून दुगाणी झाडते. पूर्ण भानावर येईपर्यंत, म्हणजे तास-दोन तास, चारा बंद, कारण अर्धवट गुंगीत घास अन्ननलिकेत अडकतो. दुकानातून ॲसिप्रोमाझिन हे शांत करणारं औषध आणून चंदीत मिसळणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की त्यानं वेदना कमी होत नाही आणि नर घोड्याचं लिंग बाहेर येऊन आत न जाण्याचा धोका असतो.

घरी करता येण्यासारखं एकच: ६० मिलिलिटरची सिरिंज, सुई काढून, कोमट गुळाचं पाणी भरून, ओठाच्या कोपऱ्यातून लगाम बसतो त्या बिनदाताच्या जागेत सोडायचं. चार-आठ दिवसांत घोडी सिरिंज बघून तोंड पुढे करते. कान पिळलेल्या घोडीच्या तोंडापर्यंत हात न्यायलाच किती दिवस जातील, ते तुम्ही सांगा.

खर्चाचं म्हणाल, तर लग्नसराईत एका वरातीचे किती घेता हे मी विचारलेलं नाही.

राहिलं ते तुम्ही जाता जाता लिहून गेलात: ‘दर वेळी मागचा डावा पाय’. भ्यालेली घोडी पाय निवडत नाही, भाऊ. दर वेळी तोच पाय असेल तर आधी दुखण्याचा संशय घ्यायचा. तळव्यावरच्या त्रिकोणी मऊ भागाच्या खाचांत काडी फिरवून वास घ्या. काळं, कुजकट निघालं तर पावसाळ्यात तबेला ओला राहिल्याची ती कुज आहे. मागच्या पायाचा मधला मोठा सांधा दोन्हीकडे हातानं चाचपून बघा, एक जास्त गरम किंवा फुगलेला लागतो का. आणि उजवाही तपासून घ्या, कारण डावा उचलला की मागचं सगळं वजन उजव्यावर येतं आणि खरं दुखणं तिकडेही असू शकतं. तोवर नालबंदाला सांगा, पाय बाहेर ओढायचा नाही, पोटाखालीच खाली धरायचा आणि दर मिनिटाला टेकवायचा.

पुढची प्रतिक्रिया लिहाल तेव्हा घोडीचं वय आणि पाय झाडणं कधीपासून आहे तेवढं कळवा. उद्गारचिन्हं नसली तरी चालतील.