खुलासा : 'प्रूफ' म्हणजे शुद्ध चांदी नव्हे

"टांकसाळीचं प्रूफ नाणं काळं पडलं, म्हणजे चांदी खोटी," असा एक संदेश सध्या फिरतोय. त्यात गल्लत आहे. प्रूफ ही नाण्यावर छाप ठोकण्याची पद्धत आहे: चकचकीत केलेला साचा, निवडक चकती आणि एकाहून अधिक ठोके. शुद्धतेशी त्याचा संबंध नाही. नव्या संसद भवनाच्या २०२३ मधल्या ७५ रुपयांच्या नाण्यात चांदी ५० टक्केच, तांबं ४०, निकेल आणि जस्त ५-५. तसं अधिसूचनेतच छापलंय. चांदी-तांबं काळवंडणारच. सीलबंद डबीत बोटाचा ठसा किंवा ओरखडा असेल, तर मात्र दोष पाठवणाऱ्याचा. डबी न उघडता फोटो काढून तक्रार करा. आणि कृपया, देवघरातल्या निरांजनासारखं रांगोळीने घासू नका! आरशासारखी झळाळी गेली की परत येत नाही.