फाटलंय की विरलंय?

गेल्या आठवड्यात एकच फॉरवर्ड मला पाच जणांकडून आला, त्यातले एक आमचे सख्खे काका. "ऑर्थोपेडिक्समधली क्रांती! खांदा आणि गुडघ्याच्या दुखापतीवर आता कायमचा इलाज" असं वर ठळक अक्षरात, आणि खाली मुद्द्यांची रांग. म्हणणं थोडक्यात असं की एमआरआयमध्ये फाटलेलं दिसलं की वेळ न घालवता दुर्बिणीचं ऑपरेशन करून टाका, दोन भोकांचं तर काम आहे, महिन्याभरात खेळायला लागाल, ऑपरेशन नको असेल तर पीआरपीचं इंजेक्शन घ्या त्याने कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत अस्तर) परत वाढते, आणि तोवर सांधा अजिबात हलवू नका. मी फिजिओ आहे, सोळा वर्षं हेच काम करतोय, त्यामुळे "तू व्यायामाचीच बाजू घेणार" असं काका आधीच बोलून बसलेत. बरं, घेणार. पण जिथे ऑपरेशनच लागतं तिथे तेही लिहिलंय, तेवढं गाळून वाचू नका म्हणजे झालं.

"हे अगदी नवं तंत्रज्ञान आहे"

नाहीये. टोकियोत केन्जी ताकागी यांनी १९१८ साली मूत्राशय बघायची दुर्बीण एका मृतदेहाच्या गुडघ्यात घालून बघितली होती, आणि त्यांचेच शिष्य मासाकी वातानाबे यांनी १९६२ मध्ये दुर्बिणीतून गुडघ्यातल्या फाटलेल्या गादीचा तुकडा काढला. कॅमेरे, अँकर म्हणजे हाडात रुतवायच्या खुंट्या, टाके घालायच्या पद्धती हे सगळं तेव्हापासून खूप सुधारलं हे मान्यच आहे. पण माझ्या मते खरी नवी गोष्ट वेगळीच, ती म्हणजे गेल्या वीसेक वर्षांत ऑर्थोपेडिक सर्जननीच आपली नेहमीची ऑपरेशनं तपासायला काढली. फॉरवर्डमध्ये नेमकं तेवढंच नाहीये.

"एमआरआयमध्ये टेअर आला म्हणजे ऑपरेशन लागणारच"

या एका ओळीने जेवढी लोकं घाबरवलीत तेवढी दुसऱ्या कशानेच नसतील. माणूस दारातून आत येतो तो लंगडत नसतो, काही नसतं, पण रिपोर्टची पिशवी छातीशी धरलेली असते आणि बसायच्या आधीच सांगतो, "माझं फाटलंय". आता गंमत बघा, इंग्रजी रिपोर्टमध्ये सगळ्याला एकच शब्द, टेअर. आपल्याकडे मराठीत दोन आहेत. नवी कोरी चादर खिळ्याला अडकून टरकन गेली तर ती फाटली, आणि पंधरा वर्षं वापरून मधोमध पातळ झाली, धागे सुटले, तर ती विरली. गुडघ्यातल्या गादीचं म्हणजे मेनिस्कसचं आणि खांद्यातल्या रोटेटर कफचं, म्हणजे खांद्याचं हाड खोबणीत धरून ठेवणाऱ्या स्नायूंच्या वेढ्याचं, तसंच आहे, खेळताना पाय रोवलेला असताना गुडघा पिळवटला आणि गादी गेली ते फाटणं, आणि पन्नाशीच्या माणसाच्या रिपोर्टात 'डीजनरेटिव्ह टेअर' लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा विरणं.

विरलेलं किती जणांचं असतं? अमेरिकेत फ्रेमिंगहॅम गावातल्या ५० ते ९० वयाच्या ९९१ लोकांचे गुडघे एमआरआयमध्ये बघितले, म्हणजे दुखतंय म्हणून आलेले पेशंट नव्हेत, गावातली साधी माणसं. २००८ मध्ये ते छापून आलं. ३५ टक्के लोकांच्या उजव्या गुडघ्यातली गादी फाटलेली किंवा खराब झालेली निघाली, आणि ज्यांच्यात टेअर होता त्यांच्यातल्या ६१ टक्के लोकांना आधीच्या महिन्याभरात ना दुखणं होतं ना आखडणं. खांद्याचं तर त्याहून जुनं आहे, १९९५ चं. खांद्याची काहीच तक्रार नसलेल्या ९६ जणांचा एमआरआय केला तर ३४ टक्क्यांच्या रोटेटर कफमध्ये टेअर, आणि साठीच्या पुढच्यांत ५४ टक्के. म्हणजे साठीपुढच्या निम्म्याहून जास्त लोकांचा कफ 'फाटलेला' होता आणि त्यांना पत्ताच नव्हता! तेव्हा रिपोर्टात दिसतंय तेच दुखतंय असं धरून चालता येत नाही, आधी सांधा हाताने तपासावा लागतो, दुखणं कधी कसं सुरू झालं ते विचारावं लागतं, आणि याला दहा मिनिटं लागतात जी द्यायला सगळ्यांनाच जड जातात, त्यात मीही आलो.

"दुर्बिणीने आतलं साफ केलं की दुखणं मुळापासून जातं"

इथे जरा थांबतो कारण हे प्रकरण मला अजूनही भारी वाटतं. ब्रूस मोझली नावाचे अमेरिकेतले सर्जन, त्यांनी गुडघ्याचा संधिवात असलेल्या १८० पेशंटचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडले. काहींचा गुडघा दुर्बिणीने साफ केला, काहींचा नुसता धुतला, आणि तिसऱ्या गटाचं चक्क खोटं ऑपरेशन केलं, अर्थात पेशंटनी आधी लेखी संमती दिली होती. खोटं म्हणजे कसं, तर त्वचेवर तीन छोटे छेद दिले, सर्जन नेहमीसारखी एकेक हत्यारं मागत राहिले, गुडघा वाकवत सरळ करत राहिले, इतकंच काय तर सांधा धुतल्याचा आवाज यावा म्हणून सलाइन उडवलं. आत मात्र दुर्बीण घातलीच नाही. दोन वर्षं तिन्ही गटांवर नजर ठेवली, आणि खऱ्या ऑपरेशनवाल्यांचं दुखणं खोट्या ऑपरेशनवाल्यांपेक्षा कमी कधीच निघालं नाही. हे २००२ साली आलं. मग लोक म्हणाले की बरोबर आहे, संधिवातात नसेल होत फायदा पण गादी फाटली असेल तर होतो, तर फिनलंडमध्ये तेही करून बघितलं, संधिवात नसलेले पण गादी विरलेले १४६ पेशंट, अर्ध्यांची गादी कातरली अर्ध्यांचं नाटक, २०१३ मध्ये निकाल, एका वर्षाने दोन्हीकडे सारखंच. २०१८ मध्ये ब्रिटनमध्ये ३१३ जणांच्या खांद्याचं झालं. हात वर करताना वरचं हाड कफला घासतं म्हणून ते तासायचं हे ऑपरेशन वर्षानुवर्षं धडाक्यात चालायचं, आणि तिथेही नुसती दुर्बीण घालून बघून बाहेर काढली तरी तेवढाच फरक पडला.

याचा अर्थ दुर्बीण फेकून द्या असा नाही हां. गादीचा मोठा तुकडा उलटून सांध्यात अडकला आणि गुडघा सरळच होत नाही, कुलूप लागल्यासारखा, तर व्यायामाने ते निघत नाही, तिथे ऑपरेशन आणि तेही लवकर. तरुण माणसाची गादी बाहेरच्या कडेला, जिथे रक्तपुरवठा असतो तिथे फाटली असेल तर कापण्याऐवजी टाके घालून वाचवता येते. पडल्यावर खांद्याचा कफ एकदम पूर्ण तुटला आणि काल वर जाणारा हात आज जातच नाही, तर महिनोन् महिने माझ्याकडे येत बसू नका, आधी सर्जन गाठा, कारण तुटलेला स्नायू मागे ओढला जातो आणि पुढे त्याची चरबी होते मग तो जोडणंही अवघड.

"एसीएल तुटलं की आठवड्याच्या आत ऑपरेशन, नाहीतर गुडघा कायमचा गेला"

गुडघ्यात टक्क आवाज, काही तासांत टम्म सूज, मग उभं राहिलं की गुडघा निसटतो, ही एसीएलची, म्हणजे गुडघ्याच्या आत दोन हाडं बांधून ठेवणाऱ्या लिगामेंटची, नेहमीची कहाणी. पण आठवड्याची घाई कशाला? सुजलेल्या, नीट न वाकणाऱ्या गुडघ्यावर घाईने ऑपरेशन केलं तर तो नंतर जखडायची भीती असते, म्हणून साधारणपणे सूज उतरवून पाय पूर्ण सरळ करून मगच टेबलावर घेतात. स्वीडनमध्ये १८ ते ३५ वयाच्या १२१ जणांवर अभ्यास झाला, अर्ध्यांचं लगेच ऑपरेशन आणि उरलेल्यांना आधी व्यायाम, गुडघा दगा देतच राहिला तर ऑपरेशन. पाच वर्षांनी व्यायामवाल्यांपैकी साधारण निम्म्यांनी ऑपरेशन करून घेतलं होतं, निम्म्यांना लागलंच नाही, आणि दोन्ही गटांच्या गुडघ्यांत म्हणण्यासारखा फरक नव्हता.

आता माझ्या विरुद्ध बाजूचंही सांगतो. ज्यांचं लिगामेंट जाऊन बरेच महिने झालेत आणि गुडघा अजून निसटतोच आहे अशा ३१६ लोकांचा ब्रिटनमधला अभ्यास २०२२ मध्ये आला, त्यात ऑपरेशनवाले पुढे होते. बरोबरच आहे ते. दर वेळी गुडघा निसटतो तेव्हा गादीला मार बसतो, तेव्हा निसटणारा गुडघा घेऊन "मी व्यायाम करतोय ना" म्हणत वर्ष काढणं हा पण वेडेपणाच.

"दोन भोकांचं काम, महिन्यात मैदानात"

भोकं दोन-तीन असतात हे खरं, पण आत काय केलंय ते बघा की. मांडीच्या मागचा किंवा वाटीखालचा स्नायुबंध काढून घेतलाय, हाडात बोगदे पाडलेत, त्यातून तो ओवून घट्ट बसवलाय. हा नवा बंध बसवला त्या दिवशीच पक्का झाला असं नसतं, उलट त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरून तो अंगचा होईपर्यंत मधल्या काळात तो आणखी कमजोर होतो, आणि नेमकं त्याच काळात सूज गेलेली असते, दुखत नसतं, आणि पोरगं म्हणतं "सर मी एकदम फिट आहे".

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी काय चालतं ते सांगतो. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि म्हणायचं, ही खाली दाब. पेशंट दाबतो. काहीच होत नाही. तो मांडीकडे बघतो, माझ्याकडे बघतो, "दाबतोय की!" म्हणतो आणि मांडी तशीच मेणासारखी पडलेली. सुजलेला सांधा मांडीच्या पुढच्या स्नायूला झोपवून टाकतो, तो खरोखर आज्ञा ऐकत नाही. परवापर्यंत मैदानभर पळणारा धट्टाकट्टा मुलगा आणि त्याला स्वतःचा पाय पलंगावरून चार बोटं उचलता येत नाही, कितीदा डोळ्यात पाणी येतं. मग दहाव्या-पंधराव्या प्रयत्नाला वाटीच्या वर ठेवलेल्या माझ्या बोटांखाली काहीतरी बारीक फडफडतं. त्या दिवशीची कमाई तेवढीच. तिथून निघून एका पायावर उडी मारून न डगमगता उतरण्यापर्यंत जायचंय आणि फॉरवर्ड म्हणतो महिना!

नॉर्वेतल्या १०६ जणांच्या अभ्यासात असं दिसलं की ऑपरेशननंतर नऊ महिन्यांपर्यंत खेळाडू जितका उशिरा परतला तितका, दर महिन्यामागे, पुन्हा दुखापतीचा धोका साधारण निम्म्याने कमी होत गेला. म्हणून आम्ही नऊ महिने धरून बसतो, आणि नुसतं कॅलेंडर बघून नाही सोडत, दुखऱ्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के भरली पाहिजे.

"पीआरपीने कूर्चा परत वाढते"

तुमचंच रक्त काढायचं, मशीनमध्ये गरगर फिरवायचं, प्लेटलेट्सचा घट्ट भाग सांध्यात टोचायचा. कल्पना ऐकायला गोड आहे. ऑस्ट्रेलियात संधिवाताच्या २८८ गुडघ्यांवर पीआरपी विरुद्ध साधं सलाइन असा सामना लावला, आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शनं, २०२१ मध्ये निकाल आला आणि वर्षभराने ना दुखण्यात फरक होता ना एमआरआयमधल्या कूर्चेत. स्टेरॉइडचं वेगळं, दुखणं फार असेल तर एखादं इंजेक्शन थोडे आठवडे आराम देतं, पण दर तीन महिन्यांनी टोचत राहायचं म्हणाल तर २०१७ च्या अभ्यासात दोन वर्षांनी सलाइनवाल्यांपेक्षा स्टेरॉइडवाल्यांचीच कूर्चा जास्त झिजली होती.

"खांदा दुखतोय तर हात गळ्यात बांधा, हलवू नका"

फ्रॅक्चर असेल किंवा खांदा निखळून नुकताच बसवला असेल तर थोडे आठवडे पट्टा, हो. एरवी नाही. जखडलेल्या खांद्याला म्हणजे फ्रोझन शोल्डरला तर पट्टा म्हणजे आयतं आमंत्रण. ओळखायचा कसा? कोपर कमरेला चिकटवून हात बाहेर फिरवायचा, स्वतःहून जात नाही आणि दुसऱ्याने नेला तरी तिथेच अडतो. मागे हात नेऊन कमरेशी काही अडकवता येत नाही, रात्री त्या कुशीवर झोप नाही. डायबेटीसवाल्यांना हे बरंच जास्त होतं, त्यामुळे शुगर तपासली नसेल तर तपासा. ब्रिटनमध्ये ५०३ जणांवर भूल देऊन खांदा सोडवणं, दुर्बिणीने आवरण कापणं आणि स्टेरॉइडच्या इंजेक्शनबरोबर फिजिओथेरपी अशी तिघांची तुलना झाली, वर्षभराने कुणीच दुसऱ्यापेक्षा स्पष्ट सरस नव्हतं. मग सुरुवात सगळ्यात कमी काटछाटीच्या उपायाने करावी एवढंच माझं म्हणणं.

निखळलेल्या खांद्याची गोष्ट मात्र उलटी. विशीच्या आतल्या खेळाडूचा एकदा निखळला की परत निखळायची शक्यता खूप, कारण खोबणीची पुढची कड सुटलेली असते, बँकार्ट नावाच्या ब्रिटिश सर्जनने १९२३ मध्ये दाखवली तीच, म्हणून तिथे ऑपरेशनचा विचार लवकर केलेला चांगला. आणि मैदानात कुणीतरी हात ओढून बसवतो तो प्रकार बंद करा, आधी एक्सरे, हाडाचा तुकडा उडालाय की नाही बघायला नको?

"व्यायामाने सांधा अजून झिजतो"

कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. स्पंजासारखी दाबली गेली, सुटली, की सांध्यातलं वंगण आत-बाहेर होतं, तेच तिचं खाणं. आता न हलवता तिला कसं भरवणार ते फॉरवर्डवाल्यानेच सांगावं.

एक राहिलं, सांधा लालभडक गरम झालाय आणि ताप आहे तर वरचं सगळं विसरून त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, आत पू असू शकतो.

काकांना रविवारी फोन केला. ऑपरेशनची तारीख घेऊन मोकळे झाले होते. विचारलं, गुडघा अडकतो का, नाही. निसटतो का, नाही. कधी पडला-बिडलात का, नाही रे, असंच हळूहळू, जिना उतरताना कळ येते. रिपोर्ट वाचून दाखवा म्हटलं तर चष्मा शोधण्यात पाच मिनिटं गेली, मग एकेक अक्षर लावत, "डी... जन... रेटिव्ह". मी म्हटलं काका, विरलंय, फाटलं नाहीये. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तारीख पुढे ढकलतो, पण तीनच महिने हं." सोमवारपासून येतायत. फॉरवर्ड मात्र त्यांनी अजून कुणाकडून मागे घेतलेला नाही.