‘टेस्टच्या नावांवर अर्धा दिवस गेला’ या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार. सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. तुमची तक्रार अशी, की ज्युनिट, म्हणजे जावा कोडच्या टेस्ट लिहिण्याचं साधन, यावरच्या दोन दिवसांच्या कार्यशाळेतला अर्धा दिवस आम्ही पॅरामीटराइज्ड टेस्टची (एकच टेस्ट तक्त्यातल्या प्रत्येक ओळीवर चालवायची, तिची) नावं आणि मांडणी यांवर घालवला, हे काम साध्या फॉर लूपनेही (एकाच टेस्टमध्ये सगळ्या केसेस एकामागून एक फिरवून) झालं असतं, आणि एका टेस्टच्या दोन करायला लावून आम्ही कोड उगाच वाढवला. क्लास मी चालवते, म्हणून मीच उत्तर देते. हा अर्धा दिवस आम्ही विचार करून ठेवलाय आणि पुढच्या बॅचलाही तो राहणार आहे.

लूपमध्ये पहिलं असर्शन, म्हणजे अपेक्षित उत्तर आलं का ही तपासणी, फेल झालं की टेस्ट तिथेच थांबते, पुढच्या केसेसचं काय झालं ते कळतच नाही. पॅरामीटराइज्ड टेस्टमध्ये प्रत्येक ओळ स्वतंत्र चालते. तीन ओळी फेल झाल्या तर तिन्ही एकदम दिसतात, आणि त्या तिघींत सारखं काय आहे यावरूनच पुष्कळदा बग सापडतो.

आता नावांचं. पॅन तपासणीचा सराव आठवा. पॅन १० अक्षरांचा: आधी ५ अक्षरं, मग ४ आकडे, शेवटी १ अक्षर. त्यातलं चौथं अक्षर धारकाचा प्रकार सांगतं, म्हणजे व्यक्तीला पी, कंपनीला सी, हिंदू अविभक्त कुटुंबाला एच. तुम्ही केसेस उत्तम निवडल्या होत्या. पण टेस्ट फेल झाली तेव्हा अहवालात काय आलं? ‘[४] एबीसीएक्सई१२३४एफ, फॉल्स’. लांबी बरोबर, आकडे जागच्या जागी. मग चुकलं काय? सहा महिन्यांनी तो कोड ज्याच्या हातात येईल, त्याने एकेक अक्षर मोजत बसायचं का? सीएसव्ही सोर्सच्या, म्हणजे टेस्टला केसेस पुरवणाऱ्या तक्त्याच्या, पहिल्या रकान्यात ‘चौथं अक्षर धारकाच्या प्रकारांत बसत नाही’ असं कारण लिहा आणि टेस्टच्या नावात तोच रकाना दाखवा. फाइल न उघडता उत्तर मिळतं. पायटेस्टमध्ये, म्हणजे पायथनच्या अशाच साधनात, हेच काम आयडीज (प्रत्येक केसला दिलेली नावं) करतात. ते न देता ऑब्जेक्ट पाठवले, तर पॅरामीटरच्या नावामागे ०, १, २ एवढंच दिसतं.

दोन टेस्ट का? तुमच्या टेस्टमध्ये इफ होता: वैध असेल तर प्रकार तपासा, नाहीतर एक्सेप्शनची (कोडने चूक म्हणून थांबण्याची) वाट पाहा. ज्या टेस्टमध्ये इफ आला, ती बरोबर आहे हे कोण तपासणार? वैध पॅनच्या तक्त्याला धारकाचा प्रकार हवा, अवैधच्या तक्त्याला कारण. रकानेच वेगळे आहेत. मेथड कॉलची एक ओळ दोनदा लिहावी लागते, ती खुशाल लिहावी. आणि रकाने पाच-सहाच्या पुढे जाऊन निम्मे रिकामे राहू लागले, तर तक्ता सोडून साध्या वेगळ्या टेस्ट लिहाव्यात असंच मी म्हणेन.



शनिवारचं शंकानिरसन जुन्या विद्यार्थ्यांना मोफत आहे. तुमची पॅनची टेस्ट फाइल घेऊन या. आपण ती मुद्दाम फेल करू, आणि कोड न पाहिलेल्या एखाद्या विद्यार्थ्याला नुसता अहवाल वाचून काय बिघडलंय ते सांगायला लावू.