तोंडाला पाणी सुटतं ते हार्मोनमुळे नाही हो भाऊ

परवा यावलकडे एका मळ्यात भरीत पार्टी होती. पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजणं चालू, मिरचीचा ठसका नाकात, कळण्याच्या भाकरी अजून तव्यावरच, आणि आमची सगळ्यांची तोंडं आधीच पाण्यानं भरलेली. तेवढ्यात शेजारी बसलेला एक पाहुणा मला म्हणतो, सर, हे पाणी पोटातले हार्मोन सोडतात, ते बिघडले की लाळेतले एन्झाईम कमी होतात, आपल्याकडे यावर लिक्विड आहे, रोज दोन झाकण. किंमत १८०० रुपये! अकरावी-बारावीला २२ वर्षं बायोलॉजी शिकवली मी, पण गरम भरीत समोर आल्यावर वाद कोण घालतो, म्हणून आता इथं लिहितोय.

लाळ हे नसांचं काम आहे. नसा म्हणजे रक्ताच्या नाही, मेंदूकडून लाळग्रंथीकडे येणारे मज्जातंतू. चिंच जिभेवर ठेवली की सेकंदात निरोप वर जातो, खाली येतो आणि पाणी सुटतं. दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते, झोपेत मात्र जवळजवळ बंद, म्हणून सकाळी तोंडाला वास येतो. शांतपणे जेवायला बसलं की लाळ पातळ आणि भरपूर येते, आणि घाबरलं की घट्ट, चिकट, तोंडाला कोरड. ज्यांनी तोंडी परीक्षा दिलीय त्यांना हे शिकवायला नको.

आता हार्मोन बघा. पचनाचे मुख्य तीन: गॅस्ट्रिन जठरातून, सिक्रेटिन आणि सीसीके (कोलेसिस्टोकायनिन) लहान आतड्यातून. ही मंडळी मुख्यतः अन्न तिथं पोचल्यावर बाहेर पडतात, मग रक्तातून फिरत फिरत कामाच्या जागी जातात, यात काही मिनिटं सहज जातात. आणि घास तोंडात किती वेळ? आमच्याकडे भरीत असलं तर अर्धा मिनिटसुद्धा नाही. म्हणजे लाळेसाठी हार्मोनवर विसंबायचं म्हणजे वरातीमागून घोडं.

यातली गंमत अशी की एकेकाळी उलटा घोळ होता. कुत्र्याची लाळवाले रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह माहितीयेत ना, १९०४ चं नोबेल त्यांना पचनाच्या कामाबद्दल मिळालं, तर त्यांचं म्हणणं होतं की स्वादुपिंडसुद्धा नसाच चालवतात. १९०२ मध्ये लंडनला बेलिस आणि स्टार्लिंग या शास्त्रज्ञांनी कुत्र्याच्या आतड्याच्या एका तुकड्याच्या नसा तोडल्या, त्यात आम्ल सोडलं, तरी स्वादुपिंडाचा रस वाहायला लागला! निरोप रक्तातून गेला होता. तो नेणारं रसायन म्हणजे सिक्रेटिन. हार्मोन हा शब्द स्टार्लिंगनंच १९०५ मध्ये वापरात आणला. म्हणजे स्वादुपिंडाला हार्मोनचा मोठा हात, लाळेला नसांचा. आमच्या पाहुण्यानं दोन्ही एकाच बाटलीत ओतलं.

हार्मोनचा लाळेशी काहीच संबंध नाही असं मात्र मी म्हणणार नाही. उंदरांना गॅस्ट्रिन किंवा सीसीके टोचलं की लाळग्रंथीतून थोडी प्रथिनं बाहेर येतात असं दिसलंय, पण उंदीर तो उंदीर. अल्डोस्टेरॉनमुळे लाळेतलं सोडियम कमी आणि पोटॅशियम जास्त होतं, पण ते मूत्रपिंडाच्या वरच्या ग्रंथीचं हार्मोन, पचनाचं नाहीच.

आणि एन्झाईम म्हणाल तर लाळेतला मुख्य गडी म्हणजे अमायलेज, स्टार्चची साखर करणारा. दादर ज्वारीची भाकरी कशाशीही न लावता नुसती चावत राहा, थोड्या वेळानं गोड लागायला लागते, ती याची करामत. प्रॅक्टिकलला आम्ही भाताच्या पेजेत आयोडीन टाकायचो, निळंशार. लाळ घालून थोडा वेळ ठेवलेल्या पेजेत तो निळा रंग यायचाच नाही, आणि लाळ आधी उकळून घातली की परत निळा, कारण उकळल्यावर अमायलेज मेला. पोरं लाळ काढायला लाजायची, पोरी तर विचारूच नका. जठरातल्या आम्लात हा गडी थंड पडतो, पण घासाच्या गाभ्यात आम्ल मुरेपर्यंत आत काम चालूच असतं. आणि तो कुणाच्या लाळेत किती, हे बरंचसं जन्मापासून ठरतं. त्याच्या जीनच्या प्रती कुणाकडे दोन, कुणाकडे दहाच्या वर, आणि पिढ्यान्पिढ्या धान्य-कंद खाणाऱ्या समाजांत सरासरीनं जास्त, हे २००७ च्या अभ्यासात दिसलं. दोन झाकणांनी जीन वाढत नसतात भो.

मला एवढा राग का, तर आमच्या दादांचं तोंड गेल्या वर्षी एवढं कोरडं पडलं की पाण्याशिवाय भाकरी गिळता येईना. कुणीतरी हार्मोन बॅलन्स म्हणून अशीच बाटली गळ्यात मारली, दोन महिने घेतली, काही फरक नाही. शेवटी डॉक्टरांनी सगळ्या गोळ्या समोर मांडायला लावल्या तर खाज-ॲलर्जीची रात्रीची गोळी निघाली, ती लाळेच्या नसांचाच निरोप अडवते. त्यांनी ती बदलून दिली (आम्ही स्वतःहून बंद केली नाही, तुम्हीही करू नका), आणि हळूहळू तोंड ओलं झालं. परवाच्या पार्टीत दादांनी दीड भाकरी खाल्ली, पाण्याचा तांब्या तसाच भरलेला. ती बाटली अजून आमच्या फडताळात आहे, अर्धी.