दोन तासांत यादवी कळत नसते

गेले काही दिवस एक मजकूर फिरतोय. मलाच तो तिघांनी पाठवला. सार असं: ‘यादवी युद्धात सामान्य माणसाचं काय होतं हे समजून घ्यायला जाडजूड इतिहास वाचायची गरज नाही, चार चांगले युद्धपट बघा. लोक गोळीबारात आणि बॉम्बहल्ल्यात मरतात. दोन्ही बाजू सारख्याच क्रूर असतात, जनता मधल्या मधे भरडली जाते. युद्ध संपलं की वाचलेले नव्यानं संसार मांडतात. सिनेमा यातलं काहीच लपवत नाही.’

युद्धपट मी आवडीनं बघतो. म्हणूनच हे वाचून गप्प बसवलं नाही.

पहिला मुद्दा, लोक गोळ्यांनी मरतात. अमेरिकेची यादवी घ्या, १८६१ ते १८६५. जुन्या हिशेबानं सव्वासहा लाखांच्या आसपास सैनिक गेले. नवा अभ्यास हा आकडा साडेसात लाखांपर्यंत नेतो. त्या जुन्या हिशेबातले सुमारे दोन तृतीयांश हगवण, विषमज्वर, न्यूमोनिया असल्या आजारांनी गेले. हे झाले सैनिक, ज्यांची निदान हजेरीपटावर नोंद होती. नागरिक किती मेले याचा पक्का आकडा आजही कोणाकडे नाही. गुलामीतून निसटून उत्तरेकडच्या राज्यांच्या सैन्यामागे आलेले हजारो कृष्णवर्णीय छावण्यांमध्ये दाटीवाटीनं राहिले आणि देवीच्या साथीत पटापट मेले. त्यांना मोजायला कोण बसलं होतं?

आता याच युद्धावरचा १९३९ चा ‘गॉन विथ द विंड’ आठवा. अटलांटाच्या रेल्वे स्थानकाजवळचं ते गाजलेलं दृश्य: नायिका डॉक्टरला शोधत येते, कॅमेरा हळूहळू वर सरकत जातो आणि खाली जखमी सैनिकांचा अंत दिसेनासा होतो. (त्यातले बरेचसे ‘जखमी’ चक्क पुतळे होते. माणसं कमी पडली.) दृश्य जबरदस्त आहे, आजही अंगावर येतं. पण जमिनीवर पडलेत ते सगळे गणवेशातले. ज्यांच्या गुलामीवरून हे युद्ध पेटलं ते लोक या सिनेमात मालकिणीचे इमानी नोकर म्हणून वावरतात. म्हणजे युद्धाची झळ सर्वांत भव्य करून दाखवणारं हे दृश्य मुळात कोणाची झळ दाखवतं, हे विचारायलाच हवं.

आणि हे फक्त दीडशे वर्षांपूर्वीचं नाही. दक्षिण सुदानमध्ये डिसेंबर २०१३ ला यादवी पेटली. लंडनच्या संशोधकांनी २०१८ मध्ये काढलेला अंदाज असा, की युद्ध नसतं तर जगली असती अशी सुमारे ३,८३,००० माणसं तोवर गेली होती, आणि हिंसाचारात थेट मारले गेलेले त्यात निम्म्याच्या आसपास. उरलेली रोगराई आणि बंद पडलेले दवाखाने यांसारख्या कारणांनी गेली. पंधरा दिवस चालून छावणीत पोचल्यावर जुलाबानं जाणारं पोर पडद्यावर क्वचितच येतं, कारण तिथे ना स्फोट, ना खलनायक.

‘दोन्ही बाजू सारख्याच’ हे वाक्य ऐकायला समंजस वाटतं. मध्य अमेरिकेतल्या एल साल्वाडोरमध्ये १९८० ते १९९२ यादवी चालली. संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन आयोगानं १९९३ मध्ये अहवाल दिला. त्यांच्याकडे आलेल्या तक्रारींपैकी सुमारे ८५ टक्के सरकारी फौजा, त्यांच्या आश्रयाखालच्या टोळ्या आणि मारेकरी पथकांविरुद्ध होत्या. बंडखोरांविरुद्ध सुमारे ५ टक्के. बंडखोर धुतल्या तांदळासारखे होते असं नव्हे. पण ८५ आणि ५ यांना ‘सारखेच’ म्हणायला गणित बाजूला ठेवावं लागतं.

त्याहून चुकीचं आहे ते ‘मधल्या मधे’. यादवीत जनता मधे नसते, बाजू तिच्यातूनच बनतात. याच युद्धावरच्या ‘व्होसेस इनोसेंतेस’ या सिनेमात मुलगा बारा वर्षांचा झाला की लष्कर उचलून नेतं, म्हणून लष्कराची गाडी आली की पोरं घरांच्या छपरांवर उताणी पडून राहतात. आज लपलेला उद्या कोणाच्या तरी बाजूनं बंदूक धरणार.

‘क्वो व्हादिस, आयदा?’ (२०२०) मध्ये हे आणखी जवळून दिसतं. जुलै १९९५, बोस्नियातलं स्रेब्रेनित्सा गाव. बोस्नियाच्या युद्धाला नुसती यादवी म्हणणं अनेकांना मान्य नाही, आणि स्रेब्रेनित्सात आठ हजारांहून अधिक पुरुष आणि मुलगे मारले गेले त्याला न्यायालयांनी वंशसंहार ठरवलंय, हे आधीच सांगतो. आयदा मूळची शिक्षिका, तिथे संयुक्त राष्ट्रांच्या फौजेसाठी दुभाषी म्हणून काम करणारी. गाव ताब्यात घेणाऱ्या सर्ब फौजेतला एक तरुण तिला ओळखतो. तिचा जुना विद्यार्थी. बंदूक घेऊन उभा आहे आणि बाईंच्या मुलाची चौकशी करतोय. मला त्या सिनेमातल्या कोणत्याही गोळीपेक्षा ती चौकशी जास्त घाबरवून गेली.

तिसरा मुद्दा, युद्ध संपलं की नवी सुरुवात. स्पेनची यादवी १९३९ मध्ये संपली, रेशनिंग १९५२ पर्यंत चाललं. मधली वर्षं तिथे भुकेची वर्षं म्हणूनच ओळखली जातात. लेबनॉनची यादवी १९९० मध्ये थांबली. पुढच्याच वर्षी युद्धातल्या गुन्ह्यांना माफी देणारा कायदा झाला, पण बेपत्ता माणसांचा शोध घेण्याचा कायदा व्हायला २०१८ उजाडलं. ती माणसं १७ हजार असल्याचं सांगतात. नेपाळमध्ये २००६ ला शांतता करार झाला, तरी बेपत्ता नवऱ्यांच्या बायकांपुढे भांगात सिंदूर भरायचा की नाही हा प्रश्न उरलाच. सिंदूर पुसला तर तिनंच त्याला मेलेला ठरवला, आणि ठेवला तर वाट बघणं संपत नाही. याला ‘नव्यानं संसार मांडणं’ म्हणायचं का?

सिनेमा काही लपवत नाही, यावर फार लिहीत नाही. ‘साल्वाडोर’चा नायक अमेरिकन पत्रकार आहे, आफ्रिकेतल्या सिएरा लिओनच्या यादवीवरच्या ‘ब्लड डायमंड’मध्ये कथेचा मोठा वाटा बाहेरून आलेल्या तस्कराकडे आणि पत्रकार बाईकडे जातो. ज्यांचं घर जळतंय ते बरेचदा मागे पळणाऱ्या गर्दीत.

सिनेमाला हे जमतच नाही असं मात्र मी म्हणणार नाही. ‘फॉर सामा’ (२०१९) हा सीरियातल्या अलेप्पो शहरातल्या एका तरुण आईनं स्वतःच चित्रित केलेला माहितीपट आहे. बॉम्ब त्यात पुष्कळ आहेत. पण वेढ्यात बाजार ओस पडलेत आणि तिच्या मैत्रिणीचा नवरा कुठून तरी एक पर्सिमन मिळवून आणतो, नारिंगी, टोमॅटोसारखं दिसणारं फळ. एकच. ते हातात घेताना त्या बाईचा चेहरा असा काही उजळतो, की वेढा म्हणजे काय ते तेव्हा कळतं.